फ्लेमिंगोंच्या फोटोतला पूल आणि पिशवी: ठेवावं की पुसावं?

चिखलपाय | शनिवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. विषय इथे आधी चघळून झाला असेल तर दुवा द्या, धागा बंद करायला सांगते.

शिवडीच्या जेटीवरून काढलेला एक फोटो आहे. भरती चढत होती, त्यामुळे छोटे रोहित (लेसर फ्लेमिंगो) बरेच जवळ सरकले होते. पुढे सात-आठ पक्षी, चोची चिखलात. मागे अटल सेतूचे खांब ओळीने. डाव्या कोपऱ्यात एकाच्या पायाशी निळी प्लॅस्टिकची पिशवी. आकाश मार्चमधल्या मुंबईचं असतं तसं, पांढुरकं आणि धुरकट.

सोसायटीच्या कॅलेंडरला हा फोटो हवाय. भाच्याने मोबाईलवर बसल्या बसल्या पूल उडवला, पिशवी उडवली, आकाश निळं केलं आणि पक्ष्यांना गोळेवाल्याच्या बाटलीतला गुलाबी रंग चढवला. वर मला म्हणतो, "मावशी, तुझा फोटो आजारी दिसतो." घरच्या कायप्पा (व्हॉट्सॲप) गटावर मतं अर्थातच त्याला.

उजेड, सावल्या, थोडा रंग हे मीही करते, त्याबद्दल मनात काही नाही. पण पूल काढलेला फोटो बघून कसंतरीच झालं आणि का झालं ते मला नीट सांगता येत नाहीये. तुम्ही निसर्गाच्या फोटोंवर किती काम करता? कुठे हात आखडता?

निरागस_वाचक | ९:५२

रुमाल टाकून जागा धरतो. दोन्ही फोटो टाका की.

चिखलपाय | ९:५८

चढत नाहीयेत, फाईल मोठी आहे म्हणतंय. उद्या लहान करून टाकते.

सरळसोट | १०:१५

माझा नियम सोपा आहे. कॅमेऱ्यातून आलं ते आलं. क्रॉपसुद्धा नाही, म्हणजे कडाही कापत नाही. जमला तर फोटो, नाही तर पुढच्या रविवारी परत शिवडी. हार्बरचं तिकीट काही महाग नाही. हल्ली लोक फोटो काढत नाहीत, शिजवतात.

लग्नसराई_क्लिक्स | १०:३१

सरळसोटराव, तुमच्या नियमाने मी धंदा केला तर डोंबिवलीत एक नवरी दारात उभी करणार नाही. :) नवरीच्या डोक्यामागची लाल वाळूची बादली मी रोज पुसतो. आजवर एकाही सासऱ्याने नैतिकतेचा मुद्दा काढलेला नाही.

कॅलेंडर म्हणजे भिंतीवरची शोभा. भाच्याला कामाला लावा ताई, पोरात गुण आहेत.

अंधारखोली | ११:०५

सरळसोट, "कॅमेऱ्यातून आलं" म्हणजे नक्की काय आलं हो?

सेन्सरच्या प्रत्येक बिंदूवर एकाच रंगाची गाळणी असते. निम्म्या बिंदूंवर हिरवी, पाव बिंदूंवर लाल, पाव बिंदूंवर निळी. कोडॅकमधल्या ब्राइस बायर यांच्या नावावर १९७६ साली हिचं पेटंट झालं, आणि आजही बहुतेक कॅमेऱ्यांत तीच मांडणी आहे. रोहिताच्या पिसावरचा एक बिंदू घेतला तर तीनपैकी एकच रंग तिथे मोजलेला असतो, बाकीचे दोन शेजाऱ्यांवरून हिशेबाने भरलेले. मग व्हाइट बॅलन्स (उजेडाप्रमाणे रंगांचा तोल), कॉन्ट्रास्ट, शार्पनिंग. १४ बिटच्या रॉ फाईलमध्ये (सेन्सरने मोजलेलं जसंच्या तसं) उजेडाच्या १६,३८४ पायऱ्या मावतात, जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६. मधल्या कुठल्या पायऱ्या ठेवायच्या आणि कुठल्या सोडायच्या हे कुणीतरी ठरवतंच. तुम्ही नाही ठरवलंत तर कॅमेरा कंपनीच्या इंजिनिअरने ठरवलेलं असतं, आणि त्याने शिवडी पाहिलेली नसते.

फिल्मच्या काळात आम्ही फार सोवळे होतो असंही समजू नका. १९९० साली फुजीची वेल्व्हिया ही फिल्म आली. तिच्यातले रंग असे भडक की पावसाळ्यातला माळशेज खोटा वाटावा. निसर्गवाल्यांनी ती डोक्यावर घेतली. एडिटिंग डब्यात भरूनच विकत मिळायचं. निसर्गाचे कृष्णधवल फोटो काढणारा अमेरिकन ॲन्सेल ॲडम्स घ्या. त्याने 'मूनराइज, हर्नांडेझ' १९४१ साली टिपलं. निगेटिव्ह एकच, पण पुढच्या काही दशकांत प्रिंट काढता काढता त्याने आकाश काळं करत नेलं. त्याच्या सुरुवातीच्या प्रिंटमधलं आकाश बघितलंत तर हे तेच चित्र का, असं विचाराल. माणूस मूळचा पियानोवाला. निगेटिव्ह म्हणजे लिहिलेले सूर आणि प्रिंट म्हणजे त्याचं वादन, असं तो मानायचा.

एन्लार्जरखाली (निगेटिव्हवरून प्रिंट काढायचं यंत्र) हाताची सावली धरून मीही आयुष्यभर आकाश दाबलं आणि चेहरे उजळले. ताईंनी उजेड-रंग दुरुस्त करताना अजिबात लाजू नये.

सरळसोट | ११:२०

काका, मग पूल काढणं हेही वादनच म्हणायचं का?

आणि तुमच्या ॲडम्सचंच सांगतो. १९४४ चा 'विंटर सनराइज', लोन पाइन गावाचा. मागच्या टेकडीवर शाळेच्या पोरांनी दगडांना चुना फासून एल आणि पी अशी मोठी अक्षरं काढली होती. तुमच्या पियानोवाल्याने ती पुसून टाकली. आता बोला.

अंधारखोली | ११:४४

बोलतो. पुसली, बरोबर आहे. त्यावरून लोकांनी त्याला बोल लावले आणि त्याने त्याचं समर्थनही केलं, की डोंगरावरचा ओरखडा जपून ठेवण्याइतका मी कर्मठ नाही. मला तो फोटो अतिशय आवडतो आणि ते पुसणं पटत नाही. दोन्ही एकदम. म्हातारपणी एवढी मुभा असू द्या.

तुतवार | रविवार, सकाळी ७:१०

ऐरोलीला निघण्याआधी घाईत लिहितेय, चुभूद्याघ्या.

मी पक्ष्यांच्या नोंदी ठेवणाऱ्यांच्या बाजूने बोलते. भाच्याने चढवलेला गुलाबी रंग वाटतो तेवढा निरुपद्रवी नाही. रोहिताचं पिल्लू गुलाबी नसतं, करडं-मळकट असतं. खाण्यातल्या कॅरोटिनॉइड्समुळे (लाल-नारिंगी रंगद्रव्यं) रंग चढायला दोन-तीन वर्षं जातात. थव्यात करडे किती दिसतात यावरून लहान पक्षी किती आलेत याचा अंदाज येतो. सॅच्युरेशन (रंगांचा भडकपणा) ओढलं की करड्यातली जेमतेम गुलाबी झाक फुगते आणि पिल्लं एका फटक्यात वयात येतात. शिवाय मोठा रोहित मुळात फिकट, छोटा गडद. चोच दिसत असेल तर प्रश्न नाही, छोट्याची काळपट किरमिजी आणि मोठ्याची गुलाबी, टोकाला काळी. पण चोच चिखलात असेल आणि मोठ्याला रंग फासलेला असेल तर लांबून छोटाच म्हणाल.

कुरवांचं (सीगल) याहून अवघड. मोठ्या कुरवांच्या ओळखीत पाठीचा करडा किती गडद यावर बरंच अवलंबून असतं. एक्स्पोजर (फोटोचा एकूण उजेड) थोडं वर केलं की एका जातीची पाठ दुसऱ्या जातीची होते. "ओळख सांगा" म्हणून फोटो येतो, त्यावर आधीच फिल्टर, आणि मग जाणकारांची दोन दिवस जुंपते. पर्णवटवट्यांत (लीफ वॉर्बलर) तर हिरवट की तपकिरी यावरच अर्धी मारामारी, आणि फोटो काढणाऱ्याने टिंटचा स्लायडर "जरा बरं दिसावं" म्हणून हलवलेला.

म्हणून माझ्याकडे दोन प्रती असतात. नोंदीला जाणारी: क्रॉप आणि गरजेपुरता उजेड, बाकी हात नाही. गटावर जाणारी: तिला थोडी पावडर-टिकली चालते.

पण पूल दोन्हींत राहतो. तो फोटोत आगंतुक कसा? सेतू २०२४ च्या जानेवारीत सुरू झाला. त्याच्या कितीतरी आधीपासून रोहितांचं काय होणार यावर वाद चालू होते, शिवडीकडच्या टप्प्यात तर आवाज अडवायला कठड्याला पडदे लावलेत. पुलाच्या खांबांसमोर पक्षी चरतायत हे दाखवणारा फोटो ही नोंद आहे. पूल पुसलात की तो फोटो कुठल्या सालचा, हेच कळेनासं होतं.

आता पळते, लोकल चुकेल.

चिखलपाय | ९:३०

तुतवारताई, मला काय खटकत होतं ते तुम्ही बोललात. आमच्या मुलुंडच्या सोसायटीत निम्म्या लोकांना रोहित कुठे येतात ते माहीत नाही. भाच्याचा फोटो बघून एका काकूंनी विचारलं, "हे कच्छ का गं?"

लग्नसराई_क्लिक्स | ९:४१

हाहा, कच्छ. बरं, मग मी माझं कालचं म्हणणं थोडं मागे घेतो. नवरीचा फोटो बघून कुणी असं समजत नाही की त्या हॉलमध्ये आगीची बादली नसते. शिवडीचा फोटो बघून लोक समजतात की शिवडी अशी असते. खाली "शिवडी" लिहिणार नसाल तर खुशाल पुसा. लिहिणार असाल तर मग पंचाईत आहे.

घाटकोपरचं_घुबड | १०:२०

एक शंका. पूल वर आहे, मग वरून क्रॉप मारला तर चालतं आणि पुसला तर पाप, हे कसं? दोन्हीत पूल गेलाच ना?

तुतवार | ११:०२

(खाडीवरून.) क्रॉपमध्ये चौकट लहान होते, पण आत उरलेलं सगळं तिथे होतं. पुसलेल्या जागी काय येतं? पिशवी गेली की तिच्या जागी सॉफ्टवेअर शेजारच्या चिखलाची नक्कल आणून ठेवतं. तो चिखल शिवडीत नाही. त्यावरचे पायांचे ठसे कुठल्याच पक्ष्याचे नाहीत.

लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या 'वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर' स्पर्धेचा नियम साधारण असाच आहे. क्रॉप, उजेड-कॉन्ट्रास्ट, सेन्सरवरच्या धुळीचे डाग काढणं चालतं. काही घालणं, हलवणं, काढणं चालत नाही. आणि मूळ फाईल मागतात, तेव्हा बरेच शूर गळतात.

सरळसोट | ११:३०

पण क्रॉपनेही खोटं बोलता येतं. कान्हेरीच्या पायऱ्यांवरचं माकड एकटं ध्यानस्थ दाखवता येतं, बाहेर वेफरची पाकिटं घेतलेले चाळीस लोक कापून. म्हणून मी क्रॉप करत नाही.

घाटकोपरचं_घुबड | ११:३४

मग तुम्ही लेन्स लावता तीही क्रॉपच की हो. ४०० एमएम लावली तेव्हा ते चाळीस लोक आधीच कापले गेले.

निरागस_वाचक | ११:३६

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

घारापुरी_लाँच | दुपारी १:१५

सरळसोट यांच्या नियमात शंभर टक्के बसणारा फोटो सांगतो. गेटवेवरून एलिफंटाला जाणारी लाँच, हिवाळा, मागे कुरवांचा थवा. एक जण गाठ्या उधळतो, दुसरा बर्स्ट मोडमध्ये (एका दमात धडाधड फोटो) बटण दाबून धरतो. कुरव पंख पसरून थेट लेन्सकडे, डोळ्यात चमक, मागे ताज. क्रॉप नाही, स्लायडर नाही, कॅमेऱ्यातून आलं ते आलं. खाली ओळ: "मुंबईच्या आकाशातलं स्वातंत्र्य". पक्षी तळलेल्या बेसनासाठी आलाय हे सांगायचं राहून गेलं.

मोठ्या स्पर्धांतल्या गाजलेल्या लबाड्या बघा. तुतवारताईंनी सांगितलेल्या स्पर्धेचं २००९ चं पहिलं बक्षीस फाटकावरून झेपावणाऱ्या लांडग्याच्या फोटोला होतं. पुढच्या जानेवारीत ते काढून घेतलं, कारण लांडगा माणसाळवलेला, शिकवलेला असावा असं परीक्षकांचं मत पडलं. २०१७ मध्ये ब्राझीलच्या मुंगीखाऊचा फोटो जिंकला, २०१८ मध्ये तोही बाद झाला. प्राणी पेंढा भरलेला असल्याचा निष्कर्ष निघाला. फोटोग्राफरने तो शेवटपर्यंत नाकारला, हेही सांगायला हवं. दोन्हीकडे फोटोशॉपचा संबंध नाही. खोटं शटर दाबायच्या आधी घडलं होतं. आपण स्लायडरवर भांडत बसतो आणि पक्ष्याच्या घरट्याशी आवाजाची रेकॉर्डिंग लावून त्याला बाहेर काढणाऱ्याला "काय शार्प आलाय!" म्हणतो.

सरळसोट | १:४०

गाठ्यांचं मान्य. मी टाकत नाही.

रानवाट | ३:२५

घारापुरी, तुमच्या यादीत काजवे घाला.

मी मे संपता संपता भंडारदऱ्याकडे गट नेतो. लोक येतात ते एक फोटो बघून: झाड पायथ्यापासून शेंड्यापर्यंत पिवळ्या ठिपक्यांनी भरलेलं. तो फोटो म्हणजे काही काही सेकंदांच्या कितीतरी फ्रेम एकावर एक रचलेल्या. कधी अर्ध्या तासाच्या, कधी त्याहून जास्त. त्यातला प्रत्येक ठिपका खरा आहे. कुणी बाहेरून आणून चिकटवलेला नाही, कुणी पुसलेला नाही. पण ते सगळे ठिपके एका क्षणी कधीच पेटलेले नव्हते.

दादरहून रात्रभर गाडी चालवून आलेला माणूस ते झाड बघतो आणि म्हणतो, "एवढेच?" मग जवळून जास्त दिसतील म्हणून टॉर्च पाडत गवतात शिरतो. बऱ्याच जातींत माद्या खालीच, गवता-झुडपांत असतात. नराने चमकून विचारायचं आणि मादीने चमकून उत्तर द्यायचं हा सगळा व्यवहार अंधारावर चालतो, त्यात हा टॉर्च. फोटोने डोळ्यांची अपेक्षा वाढवली आणि तिची किंमत बुंध्याशी बसलेल्या किड्याने दिली.

मी रचलेले फोटो वापरतो, नाही असं नाही. खाली ठळक लिहितो: "साधारण अर्ध्या तासाचे काजवे एका चित्रात." आरक्षणं जरा कमी होतात. पण जे येतात ते गप्प बसून बघतात.

घाटकोपरचं_घुबड | ३:५०

जुहूला निळ्या लाटा बघायला गेलो होतो तेव्हा सेम. फोटोत निऑन, समोर अधूनमधून राखाडी-निळसर लकाकी. बायको म्हणाली, घरी यूट्यूबवर बघू.

अंधारखोली | ४:०५

कारण अंधुक उजेडात आपल्या डोळ्यांना रंग फारसे कळत नाहीत, आणि कॅमेरा दहा-पंधरा सेकंद उजेड साठवत बसतो. तो खोटं बोलत नाही, त्याला आपल्यापेक्षा जास्त दिसतं. "डोळ्यांना दिसलं तेवढंच दाखवा" हा नियम रात्री कोलमडतो.

येऊरची_कारवी | ५:३०

नियम उलट्या बाजूनेही कोलमडतो. येऊरच्या जंगलात कारवी फुलते तेव्हा (सात-आठ वर्षांनी एकदा, त्यामुळे परत जाऊन काढू म्हणायची सोय नाही) फुलं जांभळट असतात. माझ्या कॅमेऱ्यात ती निळी येतात. जांभळ्या फुलांचं बऱ्याच कॅमेऱ्यांशी वाकडं आहे. सावलीत ऑटो व्हाइट बॅलन्सवर तर आणखी घोळ. तेव्हा "आलं ते आलं" म्हणून तसाच फोटो टाकला तर मी चुकीच्या रंगाची कारवी लोकांना दाखवली. तिथे एडिट करणं हेच प्रामाणिक काम. मी तिथेच उभी राहून, फूल समोर असताना, एका फोटोचा रंग डोळ्याने जुळवून ठेवते आणि घरी बाकीचे त्यावर बेतते. घरी आल्यावर आठवणीतला रंग नेहमीच जास्त गोड होतो.

आरेकर | ६:४५

शहर फोटोतून काढायचं की नाही यावर कुणी नयन खानोलकरांचा फोटो कसा आठवला नाही? २०१६, तीच लंडनची स्पर्धा, शहरी विभागाचं बक्षीस. आरेतली गल्ली, दोन्हीकडे घरं, मधून जाणारा बिबट्या. बिबट्या चौकट खाऊन टाकणार नाही अशा बेताने कॅमेरा लावलेला. फ्लॅशसुद्धा गल्लीतल्या दिव्यांचा उजेड वाटावा असे मांडलेले. हवा तसा फोटो मिळायला चार महिने गेले. त्यातली घरं पुसा आणि बघा काय उरतं. एक बिबट्या. तसे फोटो हजारो आहेत.

आपल्याकडचा निसर्ग असाच सापडतो. भांडुप पंपिंगला विजेच्या तारा, शिवडीला तेलाच्या टाक्या, हाजीअलीच्या खडकांत ओहोटीला गोगलगायीशेजारी निर्माल्य. तारा पुसून खंड्या काढला की तो भरतपूरचाही होतो आणि कुठलाच नसतो.

तुतवार | ८:१५

आरेकर, +१. तारेवर तो स्वतः बसलाय, आपण कोण त्याच्या पायाखालची तार काढणारे.

जाता जाता नॉइज काढणाऱ्या नव्या एआय साधनांबद्दल सावध करते. संध्याकाळी आयएसओ ६४०० वर (कमी उजेडासाठी सेन्सरची संवेदनशीलता वाढवून) काढलेला दाणेदार फोटो ती साफ करतात, छान करतात. पण दाण्यांखाली पिसांची रेघ मुळात टिपलीच गेली नसेल तर अंदाजाने नवी काढून देतात. पंखावर पट्टा आहे की नाही यावर जात ठरते आणि तो पट्टा साधनाने काढलेला निघतो. नोंदीच्या फोटोला मी ते लावत नाही, दाणे दिसले तर दिसू देत.

घाटकोपरचं_घुबड | ८:३०

मोबाईलवाल्यांचं काय मग? २०२३ मध्ये एकाने मुद्दाम धूसर केलेला चंद्राचा फोटो अंधाऱ्या खोलीत स्क्रीनवर लावला आणि मोबाईलने टिपला, तर मोबाईलने त्यात खड्डेबिड्डे भरून दिले. मी गच्चीतून काढलेला चंद्र माझा की कंपनीचा तेच कळत नाही.

लग्नसराई_क्लिक्स | ८:३४

चंद्र तुझा, खड्डे कंपनीचे.

निरागस_वाचक | ८:३५

=))

सरळसोट | ९:२०

सगळं वाचलं. एक सांगतो, माझा नियम मी बदलणार नाही, कारण तो मला आळशीपणापासून वाचवतो. "घरी जाऊन बघू" म्हटलं की माणूस दोन पावलं डावीकडे सरकत नाही. पण तो नियम म्हणजे खरेपणाची हमी, असं इथून पुढे म्हणणार नाही. काकांनी आणि कारवीताईंनी तेवढं पटवलं.

पिशवीबद्दल मात्र कुणी बोलतच नाहीये. पूल वर्षानुवर्षं राहणार, त्याला जागेचा भाग म्हणू. पिशवी पुढच्या भरतीला वाहून जाणार. योगायोगाने आलेली वस्तू पुसली तर काय बिघडलं?

रानवाट | ९:४८

ती वाहून गेली की दुसरी येते. शिवडीत पिशवी योगायोगाने येत नाही, योगायोगाने नसते. एखादं वाळकं पान किंवा सिगारेटचं थोटूक असतं तर तुमचं ऐकलं असतं.

येऊरची_कारवी | ९:५५

मी बहुधा पिशवी ठेवून कोपरा थोडा गडद केला असता. दिसेल, पण पहिली नजर तिच्यावर जाणार नाही. ही पळवाट आहे असं कुणी म्हणालं तर वाद घालणार नाही.

अंधारखोली | १०:१०

पळवाट कसली, हे बर्निंग झालं, म्हणजे प्रिंटचा एखादा भाग जास्त उजेड देऊन गडद करणं. चौकटीत काय आहे हे न बदलता बघणाऱ्याच्या नजरेला वाट दाखवायची, हेच तर प्रिंटिंगचं काम. फक्त इतकं गडद करू नका की पिशवीचा दगड होईल.

संपादक मंडळ | १०:३०

काही प्रतिसादांत इतर सदस्यांनी काढलेले फोटो परवानगीशिवाय "दुरुस्त करून" चढवले होते. ते उडवले आहेत. चर्चा चालू द्या.

चिखलपाय | मंगळवार, रात्री ९:१५

कमिटीची मीटिंग झाली. दोन्ही फोटो शेजारी शेजारी दाखवले. माझ्या फोटोत उजेड थोडा वर, व्हाइट बॅलन्स जागेवर, सॅच्युरेशनला हात नाही, कोपरा कारवीताईंच्या सांगण्यावरून किंचित गडद. पूल आहे, पिशवी आहे. खाली ओळ: "छोटे रोहित, शिवडी. मागे अटल सेतू."

सेक्रेटरींचं पहिलं वाक्य: "कचरा महिनाभर भिंतीवर बघायचा?" खजिनदारांना पूल आवडला, त्यांचा मुलगा रोज त्यावरून उलव्याला जातो. भाच्याची आवृत्ती हवी असेल तर द्यायला माझी हरकत नव्हती, पण ओळीत "शिवडी" लिहायचं नाही आणि माझं नावही नाही, एवढं सांगितलं. त्यावर बरीच चर्चा, चहा, पुन्हा चर्चा. शेवटी माझाच घेतलाय, पण मे महिन्याला टाकलाय, कारण मेमध्ये अर्धी सोसायटी गावाला असते.

भाचा नाराज आहे. त्याला तुतवारताईंचं पिल्लांच्या रंगाचं वाचून दाखवलं, तेव्हा झूम करून करडे पक्षी शोधत बसला. दोन सापडले.

आता नवीन प्रश्न. छापणाऱ्याने नमुना पाठवलाय आणि त्यात रोहित विटक्या सालमन रंगाचे झालेत, आकाशाला हिरवट झाक. स्क्रीनवर ठीक होतं. म्हणजे आता मीच सॅच्युरेशन वाढवू का? की हे पुन्हा तेच पाप?

छापखाना | १०:०५

प्रभादेवीच्या इस्टेटीत ऑफसेटवर बरीच वर्षं काढलीत, म्हणून लिहितो. स्लायडरला हात लावू नका.

स्क्रीन उजेडाने रंग दाखवते, कागद शाईने. छपाईच्या चार शाईंत (निळी, मॅजेन्टा म्हणजे किरमिजी, पिवळी, काळी) बसत नाहीत असे बरेच रंग स्क्रीनवर दिसतात, चमकदार गुलाबी त्यातलाच. सॅच्युरेशन वाढवून पाठवलंत तर जो रंग मुळात बसतच नाही तो आणखी बाहेर जाईल आणि मशीन त्याला आणखी कुठेतरी कोंबेल. तुमचा रोहित फिकट आहे हे उलट बरं. फिकट गुलाबी मॅजेन्टा आणि थोड्या पिवळ्यात नीट निघतो. सालमन झालाय म्हणजे पिवळी जास्त पडतेय. विटका दिसतोय म्हणजे निळ्या शाईचे ठिपके त्यात शिरलेत. पक्ष्यांपुरती निळी शाई जवळजवळ काढून टाकायला सांगा.

आकाशाचं वेगळं. करडा रंग तीन रंगीत शाईंतून बनवला असेल तर मशीनवर जरा इकडेतिकडे झालं की हिरवट नाहीतर गुलाबट होतो. करड्याचा भार काळ्या शाईवर टाकून फाईलची शाईंत विभागणी पुन्हा करायला सांगा, त्यांना कळेल. कागद कुठला आहे? मॅटवर रंग थोडा आणखी दबतो.

चिखलपाय | १०:१८

१७० जीएसएम मॅट आर्ट पेपर. धन्यवाद, हे सगळं जसंच्या तसं त्यांना पाठवते. ते म्हणाले की दुसरा नमुना काढायचे वेगळे पैसे पडतील.

छापखाना | १०:२४

पडू द्यात, पण ज्या कागदावर छापणार त्याच कागदावर काढून घ्या आणि ट्यूबलाइटखाली बघू नका, खिडकीशी दिवसा बघा. मूळ फोटो शेजारी लॅपटॉपवर उघडा ठेवा, स्क्रीनचा ब्राइटनेस निम्म्यावर. सेक्रेटरींना घेऊन जाऊ नका.